पडदे उतरवलेली गाडी

लेमेंटिनाच्या गाडीत ओल शिरली आहे, हे तिच्या तोंडावर सांगायची हिंमत इंग्लंडात ईव्हशमपासून केंटपर्यंत पसरलेल्या तिच्या गोतावळ्यात दोघांचीच होती. एक तिचा मुलगा एलायजा आणि दुसरी तिची नणंद डेलाया. डेलायाशी तिचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं, तेव्हा हे काम एलायजाच्या गळ्यात पडलं.

गाडी म्हणजे कॅरव्हॅन, चाकांवरचं घर. आम्ही रोमनी, पिढ्यानपिढ्या गाड्यांतून फिरणारी माणसं; रोमनी बाईच्या गाडीला ओल आहे म्हणणं आणि बाई गलिच्छ आहे म्हणणं यात आमच्या लोकांना फारसा फरक वाटत नाही. आणि लेमेंटिनाचं सोवळं तर प्रसिद्ध होतं. बशा धुवायचं भांडं वेगळं, हात धुवायचं वेगळं, फरशी पुसायचं तिसरंच; त्यांची फडकी एकमेकांना नुसती शिवली तरी ती चुलीत घालायची. अशा बाईच्या बाकाखाली ऑक्टोबरच्या अखेरीस, वर्षातली शेवटची जत्रा करून गाडी घरी आणली तेव्हा, काळे ठिपके निघाले.

एलायजाने तिचं बोट धरून भिंतीवर टेकवलं.

“दाब.”

“दाबलं.”

“काय लागलं?”

“भिंत.”

“मऊ नाही लागली?”

“माझं बोट मऊ आहे. म्हातारं झालंय ते.”

एलायजा हसला नाही. गेल्या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ भरला होता, दवाखान्यात नळ्या लावून झोपवावं लागलं होतं, आणि तिथून आल्यावर त्याने तिची रवानगी अंगणातल्या लाकडी घरात केली होती. त्या घराला चाकं नव्हती. लेमेंटिना तिथे झोपायची खरी, पण राहायची म्हणाल तर गाडीतच. सकाळी उठून काठी टेकत अंगण ओलांडायचं, गाडीत शिरायचं आणि अंधार पडला की पोटच्या पोराने हाकलल्यासारखा चेहरा करून परत यायचं.

“वसंतात विकून टाकू,” एलायजा म्हणाला. “जूनला ॲपलबीच्या घोड्यांच्या जत्रेला तू माझ्या मोटारीतून ये. गावात खोली घेऊ. गरम, कोरडी, विटांची.”

“गोर्जांच्या खोलीत?” आमच्यातले नसलेले ते सगळे गोर्जा. “आदल्या दिवशी त्या गादीवर कोण लोळलं असेल ते तरी ठाऊक आहे का तुला? जन्मल्यापासून मी ॲपलबीला स्वतःच्या छपराखाली झोपते. आता पाहुणी म्हणून जाऊ?”

“अशा ओलीत झोपलीस तर पुन्हा छाती भरेल.”

“मग ओल घालवते.”

“कशी?”

“ते तू मला विचारतोस?”

शेवटी त्याने हात टेकले. ईस्टरपर्यंत गाडी खडखडीत कोरडी झाली तर गाडी तिची आणि ॲपलबीही तिची. नाही झाली तर गिऱ्हाईक येऊन गाडी ओढून नेईल आणि ती एका शब्दाने बोलणार नाही. लेमेंटिनाने हातावर थुंकून त्याच्या हातावर टाळी दिली. घोड्याचा सौदा असाच होतो, आणि तो मोडता येत नाही.

तिने युद्धच पुकारलं म्हणा ना. ओल येते थंडीतून, तेव्हा थंडी आत येता कामा नये, हा तिचा हिशोब. जमिनीतली जाळीची भोकं तिने चिकटपट्टीने बुजवली. खिडक्यांच्या फटीत कापड कोंबलं. गॅसची शेगडी सकाळपासून चालू, तिच्यावर किटली कायम उकळती, आणि त्या उकळत्या पाण्याने भिंती, कपाटं, छत, रोज पुसून काढायची. काचेच्या कपाटातली सोनेरी काठाची चिनी मातीची भांडी रोज धुऊन पुसून जागेवर. जाळीचे पडदे दर आठवड्याला धुऊन आतच दोरीवर. अंगणातल्या बाया चहाला यायच्या, ऊब बघून म्हणायच्या, “लेम्मी मावशी, तुझ्या गाडीतून उठावंसं वाटत नाही बघ.” लेमेंटिनाला तेवढंच हवं असायचं.

आणि डिसेंबर लागेपर्यंत काचांवरून पाण्याचे ओघळ वाहायला लागले. पडद्यांच्या कडा काळ्या पडल्या. गादी उचलली तर खाली हात ओला. कुबट वासाने आता बाकाखालची जागा सोडून कपाटात मुक्काम केला होता. लेमेंटिना जितकी पुसायची तितकी गाडी जास्त गळायची, आणि जितकी गळायची तितकी ती जास्त पुसायची. सून किझाया एकदा दारात उभी राहून नुसतं नाक फुगवून गेली. सासूला ते नाक पुरलं.

एलायजाच्या नजरेला जमिनीवरच्या चिकटपट्ट्या पडल्या तेव्हा तो भडकलाच. गुडघ्यावर बसून त्याने एकेक पट्टी ओरबाडून काढली.

“ही भोकं गॅस बाहेर जायला असतात, आई. एखाद्या दिवशी गुदमरून मेली असतीस.”

“वारा लागतो पायांना.”

“वारा लागला तर मोजे घाल. ईस्टरपर्यंत थांबायची तरी काय गरज आहे? हे बघ, हाताला पाणी लागतंय.”

“ईस्टर म्हणजे ईस्टर. टाळी दिली आहेस.”

त्या दिवशी ती पहिल्यांदा घाबरली. तोंड वर होतं तिचं, पण आतून घाबरली होती. आपल्याला जे येतं, आपल्या आईने जे शिकवलं, तेवढं सगळं करून झालं होतं, आणि गाडी हातातून निसटत होती. तिला जून दिसायला लागला: सगळे नातेवाईक टेकडीवर शेकोट्या पेटवून बसलेत, आणि आपण कुणाच्या तरी मोटारीत मागच्या सीटवर, मांडीवर पर्स घेऊन, खोलीवर नेण्याची वाट बघतोय.

कडाक्याचं दहिवर पडलं होतं अशा एका सकाळी ती घोड्यांना गाजरं द्यायला गेली. एलायजाचे दोन ठिपकेदार घोडे तबेल्यात होते. दाराची खालची फळी बंद, वरची सताड उघडी. किझायाने नव्या नवरीच्या उत्साहात एकदा ती वरची फळी थंडीत लावून घेतली होती, तेव्हा लेमेंटिनाने तिला फैलावर घेतलं होतं. घोड्याच्या अंगावर केस असतात, थंडीचं त्याला काही वाटत नाही. पण त्याचाच श्वास त्याच्याभोवती कोंडला तर छतावरून पाणी ठिबकतं आणि घोडा खोकायला लागतो. हे तिने सुनेला सांगितलं होतं. स्वतःच्या तोंडाने.

तिने तबेल्याच्या भिंतीवर हात फिरवला. दोन धिप्पाड जनावरं रात्रभर फुरफुरत उभी होती आणि भिंत हाडासारखी कोरडी.

“अगं बाई,” लेमेंटिना घोड्याला म्हणाली, “मी तर स्वतःलाच कोंडून ठेवलं की.”

किटलीची वाफ. शेगडीची वाफ. धुतलेले पडदे, पुसलेल्या भिंती, चहाला आलेल्या बायांचे श्वास. बाहेरून थेंबभर पाणी आलं नव्हतं, सगळं तिनेच बादल्या भरभरून आत नेलं होतं. तिला हसू आलं, आणि हसता हसता एकदम थांबलं, कारण गाडी सुकवायची तर काय करावं लागेल हेही तिला त्याच क्षणी कळलं.

गाद्या बाहेर काढायच्या. गालिचा उचलायचा. भांडी बांधून लाकडी घरात न्यायची, म्हणजे कपाटांना वारा लागेल. पडदे उतरवायचे. कपाटांची दारं, बाकांची झाकणं, फ्रीजचं दार, सगळं उघडं. खिडक्या पहिल्या खाचेवर अडकवून किलकिल्या, छताची झडप बोटभर वर. शेगडी बंद, चहा बंद, माणसं बंद. ऊन किंवा कोरडा वारा असेल त्या दिवशी दारही सताड उघडं.

आणि आमच्या लोकांत गाडी अशी एकाच प्रसंगी दिसते. माणूस गेल्यावर.

माणूस गेला की त्याच्या गाडीचे पडदे उतरवतात, गाद्या बाहेर काढतात, भांडी फोडतात, खिडक्या उघड्या टाकतात. मग जुन्या चालीची माणसं गाडी जाळतात. लेमेंटिनाचा नवरा हेझेकाया गेला तेव्हा एलायजाने स्वतःच्या हाताने बापाची गाडी पेटवली होती (लेमेंटिनाची ही गाडी त्यानंतरची) आणि ती राख होईपर्यंत तिथून हलला नव्हता. उघड्या काचांची रिकामी गाडी रस्त्यावरून दिसली की आमची माणसं टोपी काढतात आणि पुढे जाऊन कुणाला तरी फोन करतात.

“हे करू नका, आई,” किझाया म्हणाली. तिच्या दोन्ही हातांत गाद्या होत्या, कारण सासूची कंबर वाकत नव्हती. “जिवंत माणसाची गाडी कुणी अशी करतं का? अपशकुन असतो. लोक काय म्हणतील?”

“लोक ॲपलबीला मला झोपायला जागा देणार आहेत?”

“नाही, पण—”

“मग ती गादी घेऊन पुढे हो. आणि उभी ठेव, आडवी नको. गादीलाही श्वास घेऊ दे.”

पडदे तिने स्वतः उतरवले. उघड्या काचेतून तिला अंगण दिसलं आणि क्षणभर वाटलं की आपण खरंच गेलोय आणि मागून बघतोय. मग तिने नाक शिंकरलं, पडद्यांची घडी केली आणि शेवटची खिडकी खाचेवर अडकवली.

संध्याकाळी एलायजा आला, फाटकातच थबकला आणि धावत लाकडी घराकडे गेला. आई खुर्चीत बसून बटाटे सोलत होती.

“काय केलंस तू हे?”

“बटाटे सोलतेय.”

“पडदे लाव, आई. आत्ताच्या आत्ता.”

“गाडी माझी, पडदे माझे. ईस्टरपर्यंत तू बोलायचं नाहीस असं ठरलंय.”

“मी ते दार उघडून आत गेलो असतो ना...” त्याने टोपी काढून टेबलावर आपटली आणि निघून गेला. त्यानंतर कित्येक दिवस मायलेक मीठ मागण्यापुरतं बोलत होते.

नवं वर्ष उजाडलं तसा पूर्वेचा कोरडा वारा सुटला, अंगात सुया टोचणारा. लेमेंटिना रोज सकाळी जाऊन दार उघडायची. आता आत थांबण्यासारखं काही नव्हतं. बाकाखालचे काळे ठिपके तिने व्हिनेगरने एकदाच पुसून काढले आणि त्या जागेला पुन्हा पाणी दाखवलं नाही. न पुसता परत येणं तिच्या जिवावर यायचं. धूळ दिसत होती, बोटांचे डाग दिसत होते, आणि ती मुठी आवळून बाहेर यायची. पण भिंत आता बोटाला टणक लागत होती.

व्हायचं ते झालंच. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणा घोडेवाल्याने गाडी पाहिली, टोपी काढली आणि फोन केला. बातमी ईव्हशमहून ग्लॉस्टरला गेली, तिथून केंटला, आणि वाटेत तिला ताप, न्यूमोनिया आणि शेवटचे शब्दही चिकटले. एका रविवारी दुपारी अंगणात मोटारींची रांग लागली. काळे कोट, काळे हातमोजे, रडून लाल झालेली नाकं. सगळ्यांच्या पुढे डेलाया, आणि तिच्या मागे दोन पुतणे पांढऱ्या शेवंतीची भलीमोठी खुर्ची उचलून. आमच्यात गेलेल्या माणसासाठी फुलांची रिकामी खुर्ची करतात.

लेमेंटिना झाडू घेऊन पायरीवर उभी होती.

कुणीतरी मागे किंचाळलं. एका पुतण्याच्या हातून खुर्चीची एक बाजू सुटली. डेलाया जागीच उभी राहिली, हातातला रुमाल तोंडावर, आणि रुमालावरच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. ते लेमेंटिनाला दिसलं आणि तिच्या काळजात हललं, पण ते दाखवेल ती लेमेंटिना कसली.

“कोण गेलं?” तिने विचारलं.

“तू,” डेलाया म्हणाली.

“मला कुणी कळवलं नाही.”

“तुझी गाडी... पडदे नाहीत, गाद्या नाहीत...”

“वाळवतेय.”

“काय?”

“गाडी वाळवतेय. ओल आली होती.” हे तिने सगळ्या गोतावळ्यासमोर, खणखणीत आवाजात सांगितलं. जे वाक्य मुलाच्या तोंडून ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं तेच आता ती स्वतःच बोलत होती. “माझीच चूक होती. दिवसभर किटली उकळायची आणि वारा कोंडून ठेवायचा. तुम्हीही सगळ्या तेच करता. घरी जाऊन गाद्या उचलून बघा.”

दोघीतिघींनी एकमेकींकडे चोरून पाहिलं.

डेलायाचे डोळे सुकले होते. “मी केंटहून काळे कपडे घालून आले, वहिनी. सगळ्या वाटेत रडले.”

“जिवंत होते तेव्हा एकदा चहाला आली असतीस तर एवढं रडावं लागलं नसतं. आणि ही खुर्ची बसायला मजबूत तरी आहे का?”

हसावं की नाही कुणाला कळेना. एलायजा मात्र गर्दीतून पुढे आला, कानापर्यंत लाल झालेला.

“बास झालं, आई. माझ्या आईचं मयत म्हणून माणसं इतक्या लांबून आली. मी आजच पडदे लावतो आणि उद्या त्या गिऱ्हाइकाला बोलावतो. टाळी गेली खड्ड्यात.”

सौद्याची टाळी खड्ड्यात घालायची गोष्ट चारचौघांत बोललेली कुणी ऐकली नव्हती.

“बरं,” लेमेंटिना म्हणाली. “ईस्टरची वाट नको बघूस. आजच ठरवू. पण तू नाही बघायचं आणि मीही नाही. ही बघेल.” तिने झाडूचा दांडा डेलायाकडे केला. “माझ्या घरात खोट काढायची संधी हिने आयुष्यात सोडली नाही. माझ्या लग्नाच्या केकमध्ये केस सापडला होता हिला. जा आत. ओल सापडली तर घेऊन जा गाडी.”

एलायजाने आत्याकडे पाहिलं. डेलायाने काळे हातमोजे काढले, पांढरा रुमाल हातात धरला आणि पायऱ्या चढली.

उघड्या काचांतून ती सगळ्यांना दिसत होती. कपाटात डोकं घालून वास घेत होती. खिडक्यांच्या चौकटीतून रुमाल फिरवत होती. मग कण्हत कुंथत गुडघ्यावर बसली आणि बाकाखाली दिसेनाशी झाली. लेमेंटिनाला ठाऊक होतं, डेलायाने नुसतं नाक मुरडलं तरी पुरे होतं, आणि नाक मुरडायला तिच्याकडे सगळी कारणं होती.

डेलाया बाहेर आली. गुडघ्यावरची धूळ झटकली.

“आत कुत्रंसुद्धा राहणार नाही एवढी थंडी आहे,” ती म्हणाली. “आणि धूळ. वहिनीच्या घरात मी एवढी धूळ कधी पाहिली नाही.”

“मी ओल विचारली.”

डेलायाने रुमाल एलायजाच्या हातात दिला. “नाही.”

“मोठ्याने.”

“ओल नाही. झालं समाधान? आता बसायला दे, माझे पाय गेले.”

मयताला आलेल्या माणसांना उपाशी पाठवत नाहीत, आणि मयत नाही म्हणून तो नियम बदलत नाही. किझायाने बेकनचं पुडिंग चढवलं. माणसं लाकडी घरात दाटीवाटीने बसली. दोघी नणंदा-भावजया एका बाकावर बसून कुणा तिसरीच्या गाडीला नावं ठेवू लागल्या, म्हणजे बोलणं सुरू झालं म्हणायचं.

एलायजा आत आला नाही. पाऊस भुरभुरायला लागला तेव्हा लेमेंटिना कोट पांघरून बाहेर गेली. तो गाडीच्या दाराशी उभा होता, रुमाल अजून मुठीत.

“ओलीचं नव्हतं गं,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे.”

“बाबांना उठवायला मीच गेलो होतो. ॲपलबीच्या वाटेवर. चहाचा कप होता हातात. दार उघडलं आणि... पुन्हा तसं दार नाही उघडायचं मला. म्हणून म्हटलं गाडीच नको.”

लेमेंटिना त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण एवढा मोठा पोरगा, आणि काठी एका हातात.

“मी विटांच्या खोलीत मेले तर दार उघडावं लागणार नाही का?”

त्याने मुठीतल्या रुमालाची घडी घातली आणि पुन्हा मोडली.

“कुणाला तरी कुठलं तरी दार उघडावं लागणारच आहे, एलायजा. ते माझं असू दे. भाड्याच्या खोलीचं नको.”

पाऊस वाढला. आतून डेलायाचा आवाज आणि हसणं येत होतं. एलायजाने बाहीने तोंड पुसलं आणि वर बघितलं.

“छपरावर पाणी साचतंय,” तो म्हणाला. “गाडी नाकाकडून उचलायला हवी. पाणी मागे वाहून गेलं पाहिजे, नाहीतर वरून झिरपेल.”

“मग उचल. माझ्या कमरेला जमत नाही ते.”

त्याने शेडमधून दांडा आणला, चिखलात गुडघा टेकला आणि तो पुढच्या लहान चाकाच्या खांबात घालून फिरवायला लागला. गाडीचं नाक हळूहळू वर आलं, आणि छपरावरचं पाणी मागच्या बाजूने धबधब खाली पडलं.

“अजून थोडी,” लेमेंटिना म्हणाली.